मस्कतच्या विमानात हवा विरळ झाली तेव्हा

प्रिय ईरा आणि निहार,

निहारने शाळेत माझ्या विमानप्रवासावर भाषण केले, असे तुमच्या आईने मला सांगितले. त्या भाषणात विमानाची खिडकी फुटली, वाऱ्याने लोकांचे सामान बाहेर उडाले आणि आजीने एका बाईचा हात धरून तिला आत ओढून घेतले. टाळ्या पुष्कळ मिळाल्या म्हणे. म्हणूनच आता हे लिहायला बसले आहे. खिडकी फुटली नव्हती. सामान जागच्या जागी होते. ओढाओढ झाली ती खरी, पण हाताची नव्हे, एका पिवळ्या प्लॅस्टिकच्या वाटीची. तुम्ही दोघे मराठी सावकाश वाचता, तेव्हा सावकाशच वाचा. अडेल तो शब्द आईला विचारा.

महाडहून निघताना

ठरले होते ते असे: मुंबईहून मस्कत, तिथे विमान बदलून लंडन, आणि तिथून तुमचे बाबा मला लीड्सला घेऊन जाणार. मस्कतच्या वाटेने जायचे कारण एवढेच की आमच्या महाडात त्या वाटेची माहिती सगळ्यांना असते. इथे 'मुलगा मस्कतला असतो' हे लोक 'पनवेलला असतो' इतक्या सहज सांगतात. गल्लीतला एखादा घर रंगवायला काढतो तेव्हा रंग कुठला लावायचा हे दुबईहून ठरते.

विमानतळावर नेणारी गाडी सलीमची. महाड, बिरवाडी आणि पोलादपूरकडची माणसे तो विमानतळावर सोडतो आणि परत येणारी घेऊन येतो. गाडी पहाटे माझ्या दाराशी आली तेव्हा मागच्या सीटवर रशीदा आधीच बसलेली होती. वय पन्नाशीच्या आसपास, अंगावर नवी कोरी शाल, आणि डोळे रडून लाल. ती पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका गावची. तिला निरोप द्यायला सारी वाडी रस्त्यावर आली होती, असे सलीमने सांगितले.

"एक तास गेला मावशी नुसता रडण्यात," तो म्हणाला. "दोन महिन्यांसाठी चाललीय. मी माझ्या लग्नात एवढी रडणारी माणसं नाय बघितली."

"तू गाडी चालव रे," मागून रशीदा म्हणाली. "तुझ्या लग्नात रडायचं कारण तुझ्या बायकोला होतं. तिला विचार."

या एका वाक्यावर माझे तिच्याबद्दल चांगले मत झाले.

माणगाव येईपर्यंत तिने सगळे सांगून टाकले. तिची एकुलती एक मुलगी शबाना मस्कतला. जावई वाळवंटात आत कुठेतरी तेलाच्या विहिरींवर क्रेन चालवतो आणि त्याला रजा मिळालेली नाही. शबानाला दिवस भरत आले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन करून बाळ काढायचे ठरले होते. दोन वर्षांपूर्वी तिचे पहिले मूल जन्मतःच गेले. त्या वेळी दवाखान्यात तिच्याजवळ कोणी नव्हते.

"तेव्हा माझा पासपोर्टच नव्हता," रशीदा म्हणाली. "आता हाय. उद्या सकाळी ती आत जायच्या आधी मी तिथं पायजे. बस. मला मस्कत बघायचं नाय, समुद्र बघायचा नाय. मला ते दार बघायचंय, ज्यातनं तिला आत नेतील."

कोलाडच्या पुढे गाडी थांबली. रशीदाने डबा उघडला. आत सांदण होते. आमच्याकडे सांदण फणसाच्या रसाचे. त्यांच्याकडचे पांढरे, नारळाच्या दुधातले, इडलीहून मऊ आणि किंचित आंबूस. मी दोन खाल्ली. तिने तिसरे हातात दिले. मी नको म्हटले, तेव्हा तिने चौथेही दिले. सलीमला दिली, शेजारच्या टपरीवर चहा करणाऱ्या माणसालाही दिली. स्वतः मात्र खाईना.

"तुम्ही घ्या ना," मी म्हटले.

"तुमचं झालं की घेते."

"आमचं झालं."

"मग आनखी एक घ्या."

ही खोड मला ओळखीची आहे. माझ्या सासूबाई घरातले शेवटचे माणूस जेवल्याशिवाय पानावर बसत नसत आणि शेवटचे माणूस उठले की म्हणत, आता भूक मेली. तुमच्याकडे याच्या उलट. पहिल्यांदा आले होते तेव्हा तुमच्या शेजारणीने मला केक घेणार का विचारले, मी रीतीप्रमाणे नको म्हटले, आणि ती बशी खरोखरच परत घेऊन गेली. त्या दिवशी मी घरी येऊन भात टाकला. दोन्ही रीती आपापल्या जागी ठीक आहेत. आग्रहाची रीत जमिनीवर ठीक आहे, असे म्हणू.

विमानात

तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीला रशीदाने स्वच्छ सांगितले, "मला या मावशीच्या बाजूला बसव. मला विंग्लिश नाय येत नि हिला गप्प बसता येत नाय." दुसरा भाग खोटा होता, पण काम झाले. मला खिडकी मिळाली, तिला मधली जागा. कडेची खुर्ची रिकामी राहिली.

विमान हलण्याआधी हवाई सुंदरीने हातवारे करून सूचना दाखवल्या. लोक फोन बघत होते. मी मात्र समोरच्या खिशातले चित्रांचे कार्ड काढले आणि रशीदाला एकेक चित्र मराठीत समजावून दिले. पट्टा असा, दरवाजा तिकडे, आणि हवा कमी झाली तर वरून मास्क खाली येईल. तो ओढायचा म्हणजे प्राणवायू सुरू होतो, नाकातोंडावर बसवायचा. चित्रातल्या बाईने आधी स्वतःचा मास्क लावला होता आणि मग शेजारच्या मुलाचा.

"ही कसली आई?" रशीदा म्हणाली.

"नियम आहे. आधी आपला, मग दुसऱ्याचा."

"पोराच्या आधी सोताला? ही काय नीट शिकलेली दिसत नाय."

मी तिला कारण सांगितले: हवा विरळ झाली की माणसाचे डोके चालेनासे होते, मग आई पोराला काय लावणार? तिने मान डोलावली. पटले नव्हते, पण मी तिच्याहून वयाने मोठी होते.

विमान वर गेले. मुंबई पांढुरक्या धुरकटात खाली राहिली आणि समुद्र लागला. मला दोन दिवस सर्दी होती, त्यामुळे कानाला दडे बसले. रशीदाच्याही बसले. "आंबेनळीत बसतात तसेच हायत," ती म्हणाली आणि जांभई देऊन तिने ते सोडवले. मला जमले नाही.

खाणे आले. भात आणि राजमा. ते संपत असतानाच मला पोट एकाएकी फुगल्यासारखे वाटले. समोरच्या रांगेतला वेफर्सचा पुडा उशीसारखा टम्म झाला होता. खाण्याची गाडी ढकलणारी हवाई सुंदरी मध्येच थांबली, तिने छताकडे पाहिले, गाडीला ब्रेक लावला आणि भराभर मागे गेली. गार वाटू लागले. हवेत पातळ धुके दिसले, हिवाळ्यात सावित्रीच्या पात्रावर दिसते तेवढेच. कुठे स्फोट नाही, आवाज नाही. मग डोक्यावरची झाकणे खाडकन उघडली आणि नळीला लटकलेल्या पिवळ्या वाट्या सगळीकडे एकदम खाली आल्या. इंग्रजीत एक ध्वनिमुद्रित बाई तेच वाक्य पुन्हा पुन्हा सांगू लागली.

आता जे झाले ते जसेच्या तसे सांगते. रशीदाने समोरची वाटी धरली आणि ती माझ्या तोंडाकडे आणली.

"मावशी, आधी तुम्ही."

"मला आहे ती. तुम्ही लावा."

"तुमचं वय झालंय. घ्या म्हंते ना!"

मी माझी वाटी ओढली. ती नाकाला लावायची, हे मी दीड तासापूर्वी चित्रासकट समजावून सांगितले होते. पण रशीदाचे तोंड उघडे आहे आणि ती लावत नाही, हे दिसताच मी ती वाटी तिच्याकडे नेली. तिने तिची माझ्याकडे आणली होती. दोघींचे हात मध्ये अडकले. लग्नाच्या पंगतीत दोन विहिणी एकमेकींच्या पानात श्रीखंड वाढायला बघतात आणि दोघीही पानावर आडवा हात धरतात, तसे आमचे चालले होते. समोर चार वाट्या लोंबत होत्या आणि खाणाऱ्या आम्ही दोघीच.

"अहो, तुम्ही घ्या!"

"आधी तुम्ही!"

आणि रशीदा हसायला लागली. हसण्यासारखे काही नव्हते, पण तिला थांबवेना. "मावशी, तुमचं नाक बघा, कसं निळं..." असे म्हणून ती पुन्हा हसली, आणि तिचा हात हळूहळू खाली आला. मला तिचे बोलणे लांबून आल्यासारखे वाटत होते. तिची नखे जांभळी दिसत होती, तरी त्याचे मला काही वाटत नव्हते. विरळ हवेचे हेच वाईट आहे. भीतीच वाटत नाही.

तेवढ्यात दोन रांगा पुढे, रिकाम्या खुर्चीत स्वतः मास्क लावून बसलेल्या हवाई सुंदरीने आमच्याकडे पाहिले. तिने मास्क क्षणभर बाजूला केला, जोरात टाळी वाजवली आणि ओरडली, "अपना! पहले अपना! दोनों!"

वर्गात पकडलेल्या मुलींसारख्या आम्ही दोघींनी एकदम आपापल्या वाट्या तोंडाला लावल्या. माझी सुरू झाली. रशीदाने तिची नुसती धरली होती, ओढली नव्हती. पुढे तिने सांगितले की तुटेल, असे तिला वाटले. चार श्वास घेतल्यावर माझे डोके जागेवर आले, तसा मी हात लांब करून तिच्या नळीला हिसका दिला.

"ओढ! ओढ, तुटत नाही!"

आतापर्यंत मी तिला अहो-जाहो करत होते. ते तिथे संपले.

मग विमानाने नाक खाली केले. वरच्या पेटीतून काहीतरी जळल्यासारखा वास आला. प्राणवायू तयार होताना पेटी तापते त्याचा तो वास, असे नंतर कळले. तेव्हा मात्र सगळे विमान पेटले असेच वाटले. कोणी देवाचे नाव घेत होते, कोणी आईचे. रशीदाचे ओठ मास्कच्या आत हलत होते आणि तिने माझे मनगट घट्ट धरले होते. माझ्या डाव्या कानात सुई खुपसावी तशी कळ सुरू झाली. मी आवंढे गिळले, जबडा हलवला. सर्दीने सगळे बंद होते. कळ वाढत वाढत गेली आणि मग कानात काहीतरी फटकन सुटले. मानेवर ऊन ओघळ आला. त्यानंतर त्या बाजूचे जग बंद झाले.

विमान सरळ झाले. कॅप्टनचा आवाज आला. तो मी उजव्या कानाने ऐकला आणि रशीदाला मराठीत सांगितला: विमानातला हवेचा दाब धरून ठेवणारी यंत्रणा बिघडली होती. आता आपण इतके खाली आहोत की साध्या हवेत श्वास घेता येईल. मास्क काढायला हरकत नाही. आपण मुंबईला परत चाललो आहोत.

रशीदाने मास्क काढला. गालांवर त्याचा लाल वळ उठला होता.

"परत?" ती म्हणाली. "नि शबाना?"

परत मुंबईत

धावपट्टीच्या कडेला आगीचे बंब उभे होते. त्यांचा काही उपयोग करावा लागला नाही. विमानतळावरच्या डॉक्टरने माझ्या कानात नळी घालून पाहिले. पडद्याला भोक पडले होते. "भरून येईल बहुतेक," तो म्हणाला. "पण सर्दी आहे तोवर विमान नाही, आजी. नाहीतर दुसराही कान जाईल." दुसरा कान मला हवा होता. मी तुमच्या आईला फोन केला. ती रडली, मग डॉक्टरांशी बोलली, मग पुन्हा रडली.

कंपनीच्या माणसाने जाहीर केले की संध्याकाळी दुसरे विमान मस्कतला जाईल. मी प्रतीक्षागृहात परत आले तेव्हा रशीदा फोनवर होती.

"सलीम, हायस ना अजून मुंबईत? मला घेऊन जा रे. मावशीपन हाय. दोघी येतो."

"रशीदा," मी म्हटले, "मी जाणार आहे परत. तू का?"

"मी नाय बसनार त्यात आता." तिने शाल डोक्यावरून ओढून घेतली. "अल्लाने एकदा सोडलं. दुसऱ्यांदा विचारायला जाऊ?"

पट्टा लावून पुन्हा तेवढ्याच उंचीवर जा, असे तिला सांगण्याचा अधिकार मला नव्हता. मी स्वतः जाणार नव्हते, आणि माझ्याकडे कानाचे कारण होते. कान धड असता तर मी बसले असते का, याचे उत्तर मला आजही देता येत नाही.

तिचा फोन वाजला. शबाना. रशीदाने तो हातात तसाच धरला आणि माझ्यापुढे केला.

"तुमी सांगा. माझ्या पोटात दुखतंय म्हनावं. डॉक्टरने नको सांगितलं."

मी फोन उजव्या कानाला लावला.

"मावशी, अम्मी घाबरलीय ना?" शबानाने पहिलेच वाक्य हे टाकले. तिचा आवाज आईसारखाच, पण भाषा तिकडची मिसळलेली. "खरं सांगा. प्लीज."

"हो."

"तिला फोर्स नका करू. नाय आली तरी चालेल म्हणून सांगा." मग म्हणाली, "ते आत नेताना विचारतात, बाहेर कोण आहे. नाव लिहितात. मागच्या टायमाला मी गप्प बसले. तेवढंच होतं. बाकी काय नाय."

फोन बंद झाल्यावर रशीदाने विचारले, काय म्हणाली? निरोप मी जसाच्या तसा पोचवला. त्यात काही वाढवले नाही, की काही गाळले नाही. नाय आली तरी चालेल, हे सांगितले. बाहेर कोण आहे विचारतात, हेही सांगितले.

रशीदाने समोरच्या काचेकडे पाहिले. काचेपलीकडे विमाने उभी होती. मग तिने पिशवीतून डबा काढला, उरलेले एक सांदण बाहेर काढले आणि, मला न विचारता, स्वतः खाऊ लागली. सबंध दिवसात ती पहिल्यांदाच खात होती.

"मावशी, तुमी आंबेनळीत अडकलाय कधी? दरड पडलेली?"

"एकदा. महाबळेश्वरहून येताना."

"मग काय केलं?"

"उतरलो. कंडक्टरने सांगितलं तसं चिखलातून चालत दरडीच्या पलीकडे गेलो. तिकडे पोलादपूरची एसटी उभी होती, तिच्यात बसलो."

"कुनी म्हटलं का, आता घाटच नको, वर परत जाऊ?"

"नाही. घर खाली होतं."

"तसंच हाय मग हे," ती म्हणाली. "दरड. हिकडची यष्टी अडकली. पलीकडची धरायची." तिने हात पुसले. "पन तुमी नसनार. मला कोन सांगनार, कधी काय लावायचं ते?"

"तू सांगायचंस. स्वतःला."

"मला नाय आठवनार. तवा बघितलंत ना, मी हसत बसले."

खरे होते. तेव्हा मी कॉफीच्या दुकानातून दोन कागदी पेले आणले. एक तिच्यापुढे धरला.

"हा वरून खाली आला. आधी कोण?"

"शबाना."

"शबाना विमानात नाही."

"मग शेजारी जी बाई असेल, ती."

"नाही."

"म्हातारी असली तर?"

"तरी नाही. आधी कोण?"

तिने पेल्याकडे पाहिले. हे उत्तर तिला येत नव्हते असे नाही. पन्नास वर्षे दुसऱ्यांच्या ताटांत वाढून झाल्यावर ते तोंडातून बाहेर पडत नव्हते, आणि माझी गत तिच्याहून निराळी आहे असे सांगायला मी तोंड उघडू शकत नव्हते.

"मी," ती शेवटी म्हणाली. इकडेतिकडे बघून, एखादी शिवी द्यावी तशा हळू आवाजात.

"मोठ्याने."

"आधी मी!"

समोर बसलेल्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केले. रशीदाने त्यांच्याकडे पाहून पेला ओढला, नाकातोंडावर बसवला आणि आतून म्हणाली, "मग बाकीचे." आम्ही ते पुष्कळ वेळा केले. एकदा मी मुद्दाम म्हटले, "अगं, मला दे ना, मला श्वास येत नाही." तिचा हात हलला. मग तिने तो परत घेतला, स्वतःचा पेला आधी बसवला आणि दुसरा माझ्या तोंडावर इतक्या जोराने दाबला की माझा चष्मा वाकडा झाला.

"आता जमलं," मी म्हटले.

"आत्ता तुमी खोटंच बोलत होता ना?"

"हो."

"वाटलंच. खऱ्यात माणूस एवढं बोलत नाय."

तिने सलीमला फोन करून सांगितले की एकच सवारी आहे, आणि ती कानाने बहिरी आहे, तेव्हा गाडीत गाणी लावू नकोस. संध्याकाळी विमानाची घोषणा झाली. मला चाकाच्या खुर्चीतून बाहेर न्यायला एक मुलगी आली होती, आणि रशीदा उलट बाजूला रांगेत उभी राहिली. ती खुर्ची धरून रडेल असे मला वाटले होते. तिने नुसता हात वर केला आणि बोटाने स्वतःकडे दाखवले: आधी मी. रांग पुढे सरकली.

पुन्हा महाड

सलीमने गाणी लावली नाहीत. माणगावच्या गर्दीत त्याने मला सांगितले की विमानापेक्षा त्याचीच गाडी बरी. मी म्हटले, तुझ्या गाडीत मास्क नाहीत. तो म्हणाला, खिडक्या हायत.

पुढचे फोनवरून कळले ते लिहिते. दुसरे विमान सुखरूप उतरले. शबानाला त्याच रात्री कळा सुरू झाल्या आणि ठरल्या वेळेआधी तिला आत घ्यावे लागले. बाहेर कोण आहे, असे विचारले तेव्हा रशीदा दवाखान्यात पोचलेली नव्हती. ती टॅक्सीत होती. शबानाने तरीही आईचेच नाव लिहायला सांगितले. रशीदा पोचली तेव्हा ते दार बंद झाले होते. तिच्यासमोर ते बंद झाले नाही, पण उघडले तेव्हा ती तिथे उभी होती. मुलगी झाली. वजन कमी भरले म्हणून काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवले होते. मग घरी सोडले.

दोन महिन्यांनी रशीदा परत आली ती सलीमच्याच गाडीतून, आणि पोलादपूरला जाण्याआधी माझ्याकडे उतरली. मी चहा केला आणि बशीत पोहे दिले. तिने नको म्हटले. मी पुन्हा वाढले. तिने पुन्हा नको म्हटले आणि मी आणखी वाढले. विमानतळावर जे शिकलो ते आम्ही विमानासाठी शिकलो होतो.

"येताना कसं वाटलं?" मी विचारले.

"पट्टा लावला नि झोपले. उठले तं मुंबई."

तुमची आई विचारते की मी आता केव्हा येणार. सर्दीचे दिवस सरले की डॉक्टर पुन्हा कान तपासतील आणि काय ते सांगतील. तोवर मी उत्तर देत नाही, कारण उत्तर मला माहीत नाही. पडदा बराचसा भरून आला आहे. डाव्या बाजूने कुकरची शिट्टी ऐकू येते, पण कोणी हळू बोलले तर येत नाही. उजवा कान शाबूत आहे. रशीदाची नात आता पालथी पडते.